तरुणपणी ऐकलेलं जुनं जॅझ परत ऐकायला घेताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साठी-सत्तरीतली बरीच मंडळी हल्ली एकच गोष्ट विचारतात. कॉलेजात असताना ते ट्रम्पेट-क्लॅरिनेटवालं धमाल जॅझ ऐकायचो, मग नोकरी, लोकलची गर्दी, मुलांच्या शाळा यात ते सगळं राहून गेलं, आता वेळ आहे, फोनवर अख्खी दुनिया आहे, पण नेमकं हात कुठे घालायचा कळत नाही. त्यांच्यासाठी ही उत्तरं. मी कुणी तज्ज्ञ नाही, मला एकही वाद्य येत नाही, नुसता ऐकणारा आहे आणि मतं जरा ठाम आहेत, तेवढं सांभाळून घ्या.

ट्रॅड जॅझ म्हणजे नक्की कुठलं? आमच्या वेळी तर इंग्रजी बँड वाजला की सगळंच जॅझ असायचं.

हो ना, हॉटेलातला चा-चा-चा पण जॅझच. ट्रॅड म्हणजे न्यू ऑर्लिन्समध्ये साधारण १९०० च्या आसपास तयार झालेलं, १९२० च्या दशकात शिकागो-न्यूयॉर्ककडे रेकॉर्ड झालेलं, आणि पुढे १९४० ते ६० च्या दरम्यान लोकांनी मुद्दाम परत शोधून काढून वाजवलेलं. कुणी डिक्सीलँड म्हणतं, कुणी हॉट जॅझ, कुणी नुसतं ट्रॅड. या नावांवरून भांडणारे लोकही आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

ओळखायची खूण सोपी आहे. पुढे तिघं असतात, ट्रम्पेट किंवा कॉर्नेट, क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोन. मागे बँजो, ट्यूबा किंवा डबल बेस, ड्रम्स, बहुतेक वेळा पियानो. आणि पुढचे तिघं एकाच वेळी आपापलं वाजवत असतात, समोर कागद नसतो. सोळा जणांचा गणवेशातला बँड नोटेशन बघून एका सुरात वाजवतोय तर ते स्विंग, आणि एकच सॅक्सोफोन दहा मिनिटं डोळे मिटून चाललाय तर ते नंतरचं मॉडर्न जॅझ. पहिली जॅझ रेकॉर्ड निघाली १९१७ साली, ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँडची (तेव्हा स्पेलिंगही पक्कं नव्हतं). बँड सगळा गोऱ्यांचा होता, त्याबद्दल पुढे येईलच.

मला नाव आठवत नाही. फक्त क्लॅरिनेटवरची एक हळू, उदास धून आठवते. शोधायची कशी?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेक वेळा उत्तर दोनपैकी एक असतं.

मागे व्हायोलिनांचा मऊ गालिचा आहे आणि क्लॅरिनेट खालच्या पट्टीत, जरा थरथरत, दमट आवाजात चाललीये? मग तो अकर बिल्कचा ‘स्ट्रेंजर ऑन द शोअर’. १९६१ मध्ये इंग्लंडात निघाला, पुढच्या वर्षी अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेला. आपल्याकडे तो रेस्टॉरंटमध्ये, रेडिओवर, कुठेही लागायचा, त्यामुळे जॅझशी काही देणंघेणं नसलेल्यांनाही पाठ असतो.

मागे व्हायोलिन नाहीत, फक्त बँजो, बेस आणि ड्रम्स टकटक चाललेत आणि धून जरा फ्रेंच वळणाची, डोळ्यात पाणी आणून परत फिरणारी? मग ‘पेतीत फ्लर’. ख्रिस बार्बरच्या बँडमधल्या माँटी सनशाइनने वाजवलेली, रेकॉर्ड झाली १९५६ ला आणि हिट झाली १९५९ ला. मूळ धून सिडनी बेशेची, त्याने ती १९५२ मध्ये सोप्रानो सॅक्सोफोनवर वाजवली होती. दोन्ही लागोपाठ ऐका. माँटी सनशाइन सभ्य माणूस आहे, बेशे नाही. बेशेचा तो रुंद थरकता सूर एकदा कानात बसला की क्लॅरिनेटवालं व्हर्जन जरा गुळमुळीत वाटायला लागतं. मला तरी लागलं.

दोन्ही नसेल तर फोनवर गुणगुणून शोधायची सोय असते ती वापरून बघा. बेसूर गुणगुणलं तरी बरेचदा सापडतं.

म्हणजे आम्ही ऐकत होतो ते ब्रिटिश लोकांचं होतं. ते अस्सल म्हणायचं की नक्कल?

यावर जरा जास्त लिहितो कारण माझ्या मते सगळी मजा इथेच आहे.

आपल्याकडे जे ट्रॅड पोचलं ते मुख्यतः लंडनहून. अकर बिल्क, केनी बॉल, ख्रिस बार्बर, हम्फ्री लिटलटन. १९६१-६२ ला तिकडे त्याची एवढी लाट होती की वेस्टकोट आणि बोलर हॅट घालून बँड टीव्हीवर यायचे, आणि मग बीटल्स आले आणि लाट ओसरली. आपल्याकडे रेकॉर्डी उशिरा यायच्या, त्यामुळे तिकडे संपलेली गोष्ट आपण नवी म्हणून ऐकत होतो.

पण ही मंडळी तरी ते शिकली कुठून? १९२० च्या दशकातल्या घासलेल्या रेकॉर्डींवरून. आणि ज्या म्हाताऱ्या वादकांकडून शिकली तेही एकदा हरवून परत सापडलेले. बंक जॉन्सन नावाचा एक ट्रम्पेटवाला होता, न्यू ऑर्लिन्सच्या सुरुवातीच्या काळातला. दात गेले, वाजवणं सुटलं, न्यू आयबेरिया नावाच्या छोट्या गावात पडेल ते काम करून राहत होता. १९३० च्या दशकाच्या शेवटी जॅझचा इतिहास शोधणाऱ्या काही लोकांनी जुन्या वादकांकडे चौकशा केल्या, त्यात त्याचा पत्ता लागला. त्याने कळवलं, दात आणि ट्रम्पेट द्या, वाजवतो. दात करून दिले सिडनी बेशेच्या भावाने, लेनर्डने, तो दंतवैद्य होता (आणि ट्रॉम्बोनही वाजवायचा). १९४२ मध्ये बंकचं रेकॉर्डिंग झालं. त्याच्या बँडमध्ये क्लॅरिनेटवर जॉर्ज लुइस, दिवसा गोदीत हमाली करणारा माणूस. पुढे याच जॉर्ज लुइसच्या रेकॉर्डींनी इंग्लंडातल्या पोरांना वेड लावलं. त्यातला एक, केन कॉलियर, जहाजावर नोकरी धरून अमेरिकेला गेला, अलाबामात जहाज सोडून न्यू ऑर्लिन्स गाठलं, जॉर्ज लुइसच्या लोकांबरोबर वाजवलं, आणि परवानगीची मुदत संपल्यावर तुरुंगात जाऊन बसला. १९५३ मध्ये परत आला तेव्हा ख्रिस बार्बर वगैरे मंडळींनी बँड तयारच ठेवला होता, त्यात हा पुढारी झाला.

तेव्हा नक्कल का, तर हो, सुरुवात नकलेनेच. पण सापडणं, हरवणं, परत सापडणं हे या संगीताला नवीन नाही, तुमच्या आधी दोनदा झालंय. लाजायचं काही कारण नाही, बिल्क खुशाल ऐका, फक्त तिथे थांबू नका, कारण त्याच्या मागे जे उभे आहेत ते खरंच जास्त मोठे आहेत.

बरं, मग क्रमाने काय ऐकू?

क्रमाने ऐकूच नका. इतिहासाच्या पुस्तकासारखं १९१७ पासून सुरू केलंत तर चौथ्या दिवशी सोडून द्याल, ती पहिली रेकॉर्ड ऐकायला गंमत आहे, घोडे-कोंबड्यांचे आवाज काढलेत, पण परत लावावीशी वाटत नाही.

मी म्हणेन आधी १९५४ ची लुई आर्मस्ट्राँगची डब्ल्यू. सी. हँडीच्या गाण्यांची एलपी घ्या. रेकॉर्डिंग स्वच्छ आहे, खरखर नाही, बँड जुन्या पद्धतीचा सहा जणांचा, आणि पहिलंच ‘सेंट लुइस ब्लूज’ जवळजवळ नऊ मिनिटं चालतं. कान तयार झाला की मागे जा, त्याचेच बँड हॉट फाइव्ह आणि हॉट सेव्हन, १९२५ ते २८. मग जेली रोल मॉर्टन आणि त्याचे रेड हॉट पेपर्स, १९२६ पासून, हा माणूस भयंकर बढाईखोर, जॅझचा शोध मीच लावला म्हणायचा, पण तीन मिनिटांत एवढी रचना कोंबायचा की बढाई माफ करावी. मग किंग ऑलिव्हर १९२३. मग बेशेचं १९३९ चं ‘समरटाइम’. बेसी स्मिथचं १९२५ चं ‘सेंट लुइस ब्लूज’, ज्यात कॉर्नेटवर तरुण आर्मस्ट्राँग तिच्या प्रत्येक ओळीला उत्तर देतो. बिक्स बायडरबेकचं ‘सिंगिंग द ब्लूज’, १९२७, थंडगार, टापटीप, अठ्ठाविसाव्या वर्षी गेला बिचारा. आणि रात्री झोपायच्या आधी जॉर्ज लुइसचं ‘बर्गंडी स्ट्रीट ब्लूज’.

एवढं पुष्कळ झालं. यादी वाढवण्यापेक्षा यातलं एकेक पुन्हा पुन्हा लावा. तेव्हा आपल्याकडे चार ईपी होत्या आणि त्या झिजेपर्यंत वाजल्या, म्हणून तर चाळीस वर्षांनी सुद्धा त्यातलं खोकणंसुद्धा आठवतंय.

सगळे एकदम वाजवतात, मला गोंधळ वाटतो. तरुणपणी नाही वाटायचा.

तेव्हा आपण नाचत होतो किंवा समोर कुणीतरी बसलेलं होतं, नुसतं ऐकत कोण होतं!

एक पीस घेऊन सांगतो. किंग ऑलिव्हरचं ‘डिपरमाउथ ब्लूज’, एप्रिल १९२३, इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावात जेनेट कंपनीच्या स्टुडिओत. अडीच मिनिटांच्या आसपास. स्टुडिओ रेल्वे लाइनीच्या इतका जवळ की गाडी आली की रेकॉर्डिंग थांबवायला लागायचं. माइक नाही, भिंतीतून आलेल्या एका मोठ्या कर्ण्यासमोर सगळे उभे. आर्मस्ट्राँग तेव्हा दुसरा कॉर्नेट, वय बावीसच्या आत, पण त्याचा आवाज इतका मोठा की त्याला बाकीच्यांपासून बराच लांब उभा केला, नाहीतर त्याचा गुरू ऑलिव्हर ऐकूच येत नव्हता.

पहिल्यांदा फक्त कॉर्नेट ऐका. ते धून धरून चाललेत, मधोमध, सरळ. दुसऱ्यांदा लावा तेव्हा कॉर्नेट सोडून द्या आणि वरती बघा, जॉनी डॉड्सची क्लॅरिनेट सतत धावतेय, धुनीच्या वरून, मोकळ्या जागा भरत. तिसऱ्यांदा खाली, ट्रॉम्बोन लांब घसरत्या सुरांनी एका कॉर्डवरून दुसऱ्यावर नेऊन सोडतोय. तीन मजले झाले. आता सगळं एकत्र लावा, गोंधळ संपलेला असतो.

मग पुढे बँड अचानक तुटक तुटक होतो, प्रत्येक मात्रेवर नुसता ठोका, आणि त्या पोकळीत डॉड्स एकटा. त्यानंतर ऑलिव्हर येतो, कॉर्नेटच्या तोंडावर म्यूट (आवाज दाबायचं झाकण) धरून, वा-वा, वा-वा, माणूस कुरकुरत बोलतोय असं. बारा-बारा मात्रागटांच्या तीन फेऱ्या. ब्लूज या गाण्याच्या प्रकाराची फेरी बहुतेक वेळा बाराचीच असते, बोटावर मोजून बघा, एकदा मोजता आली की तुम्ही हरवत नाही. त्याचं संपता संपता एकजण ओरडतो, ‘ओ, प्ले दॅट थिंग!’ तो बँजोवाला बिल जॉन्सन. ड्रमर बेबी डॉड्स आपला ब्रेक विसरला आणि पोकळी पडली, ती भरायला हा ओरडला असं बेबी डॉड्सने नंतर स्वतःच सांगितलंय. पुढे शेकडो बँडनी हा पीस वाजवला आणि प्रत्येकाने ते ओरडणं जसंच्या तसं ठेवलं.

जुन्या रेकॉर्डिंगची खरखर सहन होत नाही. चांगल्या कॉपी मिळतात का?

मिळतात, आणि फरक जमीन-अस्मानाचा असतो. आधी एक लक्षात घ्या, १९२५ च्या आधीचं सगळं कर्ण्यातून, त्यानंतर इलेक्ट्रिक माइक आला. त्यामुळे १९२३ चा ऑलिव्हर कितीही स्वच्छ केला तरी डब्यातूनच येणार, त्यात मोठा ड्रम वाजवायचीच सोय नव्हती, म्हणून बेबी डॉड्स लाकडी ठोकळे वाजवत बसलाय. १९२६ चा मॉर्टन मात्र चांगल्या कॉपीवर चक्क खोलीत वाजल्यासारखा येतो.

जॉन आर. टी. डेव्हिस या इंग्रज माणसाचं नाव शोधा. स्वतः ट्रॅड वादक, आणि जुन्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्यांवरून स्वच्छ ट्रान्सफर करण्यात त्याचा हात धरणारा नव्हता. जेएसपी लेबलवर त्याने केलेले सेट आहेत. उलट काही स्वस्त सीडींवर खरखर घालवायच्या नादात वरचा सगळा आवाज कापून टाकलेला असतो, मग क्लॅरिनेट उशीखालून येते. दोन्हींत निवडायचं झालं तर खरखर परवडली. दहा मिनिटांत कान ती बाजूला काढतो.

फोनवर लुई आर्मस्ट्राँग शोधलं की तेच ते ‘वंडरफुल वर्ल्ड’ येतं. आणि ‘जॅझ’ टाकलं की कॉफी शॉपमधलं झोपाळू काहीतरी.

‘वंडरफुल वर्ल्ड’ १९६७ चं, गोड आहे, पण त्यात ट्रम्पेट जवळजवळ नाहीच. अॅपला वाटतं तुम्हाला म्हातारा हसरा आर्मस्ट्राँग हवाय, तुम्हाला पंचविशीतला हवाय. म्हणून नावासोबत बँडचं नाव टाका, हॉट फाइव्ह, हॉट सेव्हन. वर्षावर विश्वास ठेवू नका, अॅपवर १९२७ च्या रेकॉर्डला २०१२ लिहिलेलं असतं कारण तो संग्रह तेव्हा निघाला. एकच पीस आर्मस्ट्राँगने चार-चार दशकांत परत रेकॉर्ड केलाय, त्यामुळे लांबी बघा, तीन-सव्वातीन मिनिटांच्या आत असेल तर बहुतेक जुनी ७८ ची आवृत्ती, कारण दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं.

अॅप नको असेल तर इंटरनेट आर्काइव्हवर हजारो ७८ च्या तबकड्या ऐकायला ठेवल्यात, आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नॅशनल ज्यूकबॉक्सवर सुरुवातीच्या काळातल्या.

‘वेस्ट एंड ब्लूज’ एवढं डोक्यावर का घेतात?

२८ जून १९२८, शिकागो. सुरुवातीला आर्मस्ट्राँग एकटा, साथ नाही, दहा-बारा सेकंद, ट्रम्पेट आधी चार ठाम सूर मारतो आणि मग वरून अशी गिरकी घेत खाली येतो की लय कुठे आहे ते कळत नाही आणि तरी चुकतही नाही. मधे तो क्लॅरिनेटशी शब्द नसलेलं गातो, हळू, घरच्यासारखं. अर्ल हाइन्सचा पियानो. आणि शेवटच्या फेरीत तो एक वरचा सूर पकडतो आणि चार मात्रागट सोडतच नाही, बँड खालून सरकत राहतो. एवढंच. बाकी लोकांनी यावर पुस्तकं लिहिलीत, तुम्ही फक्त तो धरलेला सूर ऐका.

इतकं आनंदी संगीत आहे, पण यामागे बरंच दुःख होतं म्हणतात. आम्हाला तेव्हा काहीच माहीत नव्हतं.

कव्हरवर पट्ट्यापट्ट्यांचे कोट घातलेले हसरे चेहरे असायचे, कळणार कुठून. हे संगीत घडवलं काळ्या आणि क्रिओल (मिश्र वंशाच्या) वादकांनी आणि पहिली रेकॉर्ड निघाली गोऱ्या बँडची, इथूनच सुरुवात. किंग ऑलिव्हर, ज्याच्या बँडसाठी शिकागोत रांगा लागायच्या, त्याच्या हिरड्या खराब झाल्या, वाजवणं गेलं, शेवटी जॉर्जियातल्या सॅव्हाना गावात पूल हॉलची झाडलोट करत १९३८ साली गेला. बहिणीला लिहिलेली त्याची पत्रं आहेत, तक्रारीचा सूर नाही, पैसे साठवून तिकिटापुरते झाले की येतो म्हणतोय. आणि आर्मस्ट्राँग, ज्याला त्याच्याच काही लोकांनी गोऱ्यांसमोर दात काढणारा म्हणून नावं ठेवली, त्याने १९५६ ला लुइझियानाने काळे-गोरे एकत्र वाजवायला बंदी घातल्यावर स्वतःच्या गावात, न्यू ऑर्लिन्समध्ये, वाजवायला जाणं सोडलं ते थेट १९६५ ला परत गेला.

तिकडची अंत्ययात्राही यातूनच समजते. जाताना बँड अत्यंत संथ वाजवतो, पाय ओढत. दफन झालं, स्मशानापासून जरा लांब आले की स्नेअर ड्रमच्या खालची तार परत लावतात, आवाज कोरडा कडक होतो, आणि तोच बँड उड्या मारत परत निघतो, मागे छत्र्या-रुमाल नाचवत सगळी वस्ती. आधीचा संथ भाग ऐकल्याशिवाय नंतरचा उत्साह पोकळ वाटतो.

मुंबईत हे सगळं खरंच होतं, की आमच्या आठवणी फुगल्यात?

होतं, पण थोडं वेगळं होतं. १९३५ मध्ये लिऑन अॅबीने काळ्या अमेरिकन वादकांचा बँड ताजमध्ये आणला, मग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड. हा वेदरफर्ड म्हणजे कोण, तर १९२६ साली शिकागोत एर्स्किन टेटच्या ऑर्केस्ट्राच्या रेकॉर्डवर आर्मस्ट्राँगबरोबर पियानोवर आहे तो. ती रेकॉर्ड ऐका, पियानो अक्षरशः तुटायला आलाय. तोच माणूस ताजमध्ये वाजवायचा आणि १९४५ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला. म्हणजे शिकागोशी आपलं नातं एका माणसाइतकं जवळचं होतं.

या बँडांमध्ये गोव्याची मुलं भरती झाली. गोव्यात चर्चच्या शाळांत नोटेशन आणि व्हायोलिन शिकवायचे, त्यामुळे ती तयारच होती. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, आर्मस्ट्राँगची हुबेहूब ढब, रुमाल, घोगरा आवाज, सगळं. आणि तो चितळकरांचा, आपल्या अण्णांचा, सी. रामचंद्रांचा सहायक होता. १९५१ च्या ‘अलबेला’मधला तो ट्रम्पेट, नंतरचं ‘ईना मीना डीका’, तुम्ही जॅझ पहिल्यांदा ऐकलंत ते बहुतेक असं, पुणतांब्याच्या माणसाच्या चालीत, हे कळलं की बऱ्याच जणांना धक्का बसतो. क्लॅरिनेट तर त्याच्याही आधी, दारावरून जाणाऱ्या वरातीच्या बँडमध्ये. न्यू ऑर्लिन्सचे बँडही मिरवणुकीच्या ब्रास बँडमधूनच निघालेत, त्यामुळे तो आवाज परका वाटायचं कारणच नव्हतं.

पण शुद्ध ट्रॅड म्हणाल तर मुंबईत स्विंग आणि डान्स म्युझिकच जास्त. चर्चगेटला अॅस्टोरिया हॉटेलातल्या व्हेनिस रेस्टॉरंटमध्ये जे वाजायचं ते हळूहळू मॉडर्नकडे झुकलं, आणि १९७८ ला रंगभवनात पहिली जॅझ यात्रा झाली त्यात मॉडर्न सॅक्सोफोनवाला सनी रॉलिन्स होता, तो काही ट्रॅड नव्हे. ट्रॅड आपल्याला मिळालं ते रेकॉर्डींवर, ऱ्हिदम हाउससारख्या दुकानांत (२०१६ ला तेही बंद झालं), आणि शॉर्टवेव्हवर. व्हॉइस ऑफ अमेरिकाचा निवेदक विलिस कॉनोवर, १९५५ पासून, तो संथ जड आवाज, प्रत्येक शब्द सुटा, आपल्यासारख्यांना कळावं म्हणून. गंमत म्हणजे अमेरिकेत त्याला कुणी ओळखत नव्हतं, कारण त्यांच्या कायद्याने तो कार्यक्रम तिकडे लावायची परवानगीच नव्हती.

माळ्यावर एलपी आहेत, बुरशी आलीये. टाकून देऊ?

अजिबात नाही. आधी तोंडाला मास्क लावा आणि गॅलरीत बसा, बुरशी सुकी झटकू नका. डिस्टिल्ड वॉटर घ्या (बॅटरीत घालायचं चालेल, फक्त ते नक्की साधं पाणी आहे, अॅसिड नाही, एवढं बघा), त्यात सौम्य लिक्विड सोपचे दोन थेंब, बुरशी हट्टी असेल तर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल. मऊ कापडाने खोबणीच्या दिशेने गोल पुसा, आडवं नाही. मधलं लेबल ओलं होऊ देऊ नका. परत नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुसा, ताटाळ्यात उभी वाळवा. आतला कागद फेकून द्या, बुरशी त्यातच असते.

पण ७८ च्या जाड तबकड्या असतील तर अल्कोहोल चुकूनही नाही! त्या लाखेच्या असतात, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, तुमचा ऑलिव्हर फडक्यावर येईल. आणि त्या एलपीच्या सुईने वाजवू नका, त्यांची खोबण रुंद, सुई जाड लागते. आपल्याकडे ७८ बराच काळ निघत राहिल्या, बीटल्सच्या सुद्धा निघाल्यात, त्यामुळे ‘एवढी नवीन गाणी म्हणजे ती ७८ नसणारच’ असं समजून सुई टेकवू नका.

विकून पैसे येतील का, हेही लगेच विचारतात. सर्वसाधारण बिल्क आणि केनी बॉलला फारसं कुणी विचारत नाही. इथल्या बँडच्या जुन्या तबकड्या असतील तर मात्र आधी जाणकाराला दाखवा.

कानाला मशीन आहे, क्लॅरिनेट कर्कश आणि डगमगती येते.

मशीन बोलणं ऐकण्यासाठी बसवलेलं असतं. लांबलेला सूर आला की त्याला ती शिट्टी वाटते आणि ते दाबायला जातं. ऑडिओलॉजिस्टला सांगा, म्युझिकचा वेगळा प्रोग्रॅम टाकून द्या, बहुतेक मशीनमध्ये सोय असते. आवाज वाढवण्यापेक्षा हे करा. वयाने वरचे सूर कमी होतात हे खरंच आहे, झांजेची किणकिण जाते, पण या संगीतातलं बहुतेक सगळं मधल्या पट्टीत आहे, फार काही चुकत नाही.

या वयात क्लॅरिनेट शिकता येईल?

ओळखीच्या एका काकांनी निवृत्तीनंतर सुरू केली, वर्षभर शेजाऱ्यांनी सहन केलं, आता ‘सेंट्स’ (‘व्हेन द सेंट्स गो मार्चिंग इन’) ओळखू येतो. बी-फ्लॅट क्लॅरिनेट घ्या, मऊ रीड (तोंडाकडची वेताची पट्टी) घ्या, आणि शिकायला बँडवाल्यांकडे जा, त्यांच्याकडे क्लॅरिनेट वाजवणारे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कवळी असेल तर आधी दंतवैद्याशी बोला, ट्रम्पेटपेक्षा कमी त्रास असतो पण असतो. श्वास कमी पडत असेल तर बँजो किंवा युकुलेले.

घरच्यांना कंटाळा येतो.

हेडफोन. नातवंडांना मात्र आवडतं, ऑलिव्हरचा वा-वा ऐकवून बघा.

प्रत्यक्ष ऐकायला कुठे जाऊ?

मुंबईत एनसीपीएमध्ये जॅझचे चांगले कार्यक्रम होतात, पण ट्रॅड क्वचित. लंडनला गेलात तर ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचा हंड्रेड क्लब, ट्रॅडच्या लाटेचा अड्डा तोच.

मुलं अमेरिकेत असतील आणि तुम्ही न्यू जर्सीला सहा महिने नुसते सोफ्यावर बसणार असाल, तर एक दिवस क्वीन्समधल्या कोरोनाला जा. आर्मस्ट्राँगचं घर, १९४३ ते १९७१, आता म्युझियम आहे. जगातला एवढा प्रसिद्ध माणूस आणि घर अगदी साध्या वस्तीत, विटांचं. आत निळंशार स्वयंपाकघर, आणि त्याची खोली जिथे बसून तो टेपरेकॉर्डरवर घरातल्या गप्पा, जोक, स्वतःचा सराव असं शेकड्यांनी टेप करत बसायचा. त्यातलं थोडं तिथे ऐकवतात. वेळा आणि तिकीट आधी वेबसाइटवर बघा.

न्यू ऑर्लिन्सला जमलं तर प्रिझर्व्हेशन हॉल, १९६१ पासून चालू. छोटी खोली, भिंतींचे पोपडे, लाकडी बाकं, काहीजण जमिनीवर, बार नाही, पाऊण तासाचा कार्यक्रम. गुडघे दुखत असतील तर बसायची जागा मिळेल असं तिकीट आधीच काढा. आणि ‘सेंट्स’ची फर्माईश जपून करा, वादकांना तो वाजवून वाजवून इतका वीट आला होता की तिथल्या जुन्या पाटीवर साध्या फर्माइशीला एक डॉलर, आणि ‘सेंट्स’ला पाच असा रेट लिहिलेला होता.